वाचक विचारतात : ईव्हिल डेड बघून घाबरायचं की हसायचं?

मागच्या अंकात बी-मूव्हीवर चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे हॉलिवूडमधे तीस-चाळीसच्या दशकात एका तिकिटात दोन पिच्चर दाखवायचे त्यातला दुसरा, स्वस्तातला, ज्यात स्टार नाही, सेट डुगडुगतोय आणि राक्षसाच्या पाठीवर चेन दिसतेय तो. त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतायत, अमेरिकन दिग्दर्शक सॅम रेमीचे तीन भुताटकीचे पिच्चर, ईव्हिल डेड. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, माफ करा, कोरियन सिरीयलवाले पुढच्या महिन्यात.

प्रश्न : मी ९० च्या आसपास भाड्याच्या व्हीसीआरवर ईव्हिल डेड बघितला होता, त्यानंतर आठ दिवस रात्री बाथरूमला जाताना बायकोला उठवायचो. परवा मुलगा म्हणाला बाबा ती कॉमेडी आहे. आमचं कडाक्याचं भांडण झालं. खरं कोण?
— एक बाबा, सांगली

काका, दोघंही खरे, फक्त तुम्ही वेगवेगळे पिच्चर बघितलेत. तुम्ही बघितला तो पहिला, १९८१ चा. पाच तरुण पोरंपोरी जंगलातल्या एका मोडक्या घरात सुट्टीला जातात, तळघरात एक पुस्तक आणि एक टेप सापडते, टेपवरचा मंत्र वाजतो आणि मग एकेक जण झपाटला जातो. तो खरंच घाबरवायला बनवलेला होता. मुलाने बघितला असणार दुसरा, १९८७ चा, किंवा तिसरा, आर्मी ऑफ डार्कनेस. दुसऱ्यात तोच हिरो, तेच घर, तेच पुस्तक, पण हिरो स्वतःच्याच हाताशी मारामारी करतो. तिसऱ्यात तर तो थेट सन १३०० मधे जाऊन पडतो, घोडे, किल्ले, सांगाड्यांची फौज वगैरे.

आणि तो बक्षिसाचा किस्सा तुमच्याकडेही होता का? आमच्या कॉलनीत पक्की खबर होती की हा पिच्चर थेटरात एकट्याने पूर्ण बघेल त्याला मोठं बक्षीस आहे, एकाने प्रयत्न केला तो खुर्चीतच गेला. रक्कम दर उन्हाळ्याच्या सुट्टीत वाढायची. कोण देणार होतं ते बक्षीस, कुणीही कधी विचारलं नाही. पण गंमत अशी की रेमीने स्वतः असलाच उद्योग केला होता. १५ ऑक्टोबर १९८१ ला डेट्रॉइटच्या रेडफर्ड थिएटरमधे पहिला शो झाला तेव्हा रेमी आणि त्याच्या दोस्तांनी बाहेर ॲम्ब्युलन्स उभ्या करून ठेवल्या होत्या, उगाच, वातावरण तयार व्हावं म्हणून. म्हणजे बघायला आलेला माणूस दारातच अर्धा घाबरलेला आणि अर्धा हसायला लागलेला. तुमचं आणि मुलाचं भांडण त्या दारापासूनच चालू आहे म्हणा ना.

प्रश्न : पहिल्या भागात जंगलातून काहीतरी अदृश्य धावत येतं तो शॉट त्या काळात कसा घेतला? ड्रोन तर नव्हते.
— कॅमेरावेडा, नाशिक

फळी. खरंच सांगतो, लाकडाची फळी. मधोमध कॅमेरा बसवायचा, दोन टोकं दोघांनी धरायची आणि झाडाझुडपातून जीव खाऊन पळायचं. फळी लांब असल्यामुळे पळणाऱ्यांचे धक्के मधल्या कॅमेऱ्यापर्यंत येईतो बरेच कमी होतात, त्यामुळे ते माणूस पळतोय असं वाटत नाही, जमिनीला घासून काहीतरी सरपटत उडत येतंय असं वाटतं. स्टेडीकॅम, म्हणजे अंगावर बांधून पळालं तरी कॅमेरा न हलू देणारं यंत्र, तेव्हा बाजारात आलेला होता पण यांच्या खिशाबाहेर. आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे राक्षस दाखवायचाच नाही, राक्षसाच्या डोळ्यांनी आपल्यालाच पळवायचं, म्हणजे राक्षसाच्या ड्रेसचे पैसे वाचले!

मुळात यांची परिस्थिती बघा. रेमी विशीचा, हिरो ब्रूस कॅम्पबेल एकविशीचा, निर्माता रॉब टॅपर्ट जरा थोराड म्हणजे चोविशीचा. सगळे मिशिगनचे. १९७८ मधे यांनी विदिन द वुड्स नावाची अर्ध्या तासाची फिल्म सुमारे १६०० डॉलरमधे केली, कशासाठी तर लोकांना दाखवून पैसे मागायला. बघा साहेब, आम्हाला भीती दाखवता येते, आता पूर्ण पिच्चरला पैसे द्या. ते गोळा करून नोव्हेंबर १९७९ ला टेनेसीतल्या मॉरिसटाउनजवळच्या एका पडक्या घरात शूटिंग सुरू केलं, सहा आठवड्यांचं ठरलेलं ते बारा आठवडे चाललं, ऐन थंडीत. शेवटी शेवटी ऊब मिळावी म्हणून घरातलं फर्निचर जाळत होते. सगळं मिळून खर्च पावणेचार लाख डॉलरच्या आसपास, त्यात १६ एमएमच्या स्वस्त, छोट्या फिल्मवर शूट करून नंतर थेटरच्या ३५ एमएमवर मोठं केलेलं.

आणि बारा आठवडे कोण थांबणार हो? कलाकार आपापल्या घरी निघून गेले. मग काय करायचं? गेलेल्या माणसाचा हात, पाय, पाठ दाखवायची असेल तर उरलेल्यांपैकी कुणालाही उभं करायचं. अशा डमी माणसांना रेमीने नाव ठेवलं 'फेक शेम्प'. थ्री स्टूजेस म्हणून अमेरिकेतलं जुनं मारामारी-कॉमेडीवालं त्रिकूट, त्यातला शेम्प हॉवर्ड १९५५ मधे गेला तेव्हा राहिलेल्या फिल्ममधे दुसऱ्याच माणसाला पाठमोरं उभं करून काम भागवलं होतं, त्यावरून. नंतरच्या पिच्चरच्या श्रेयनामावलीत चक्क फेक शेम्प म्हणून यादी येते. दुसरा कुणी असता तर हे लपवलं असतं, या पठ्ठ्याने मिरवलं, आणि मला वाटतं या तिन्ही पिच्चरांचं सगळं रहस्य इथेच आहे, की पैसे नाहीत हे झाकायला गेलात तर पिच्चर भिकार दिसतो आणि त्याचाच खेळ केलात तर बघणारा तुमच्या बाजूने होतो.

प्रश्न : सर, मी सेकंड इयरला आहे, आम्ही मित्र मिळून हॉरर कॉमेडी शॉर्टफिल्म करतोय. बजेट जवळपास शून्य. त्यांनी रक्त कशाचं केलं होतं?
— एक विद्यार्थी, अमरावती

मक्याच्या साखरेचा पाक म्हणजे कॉर्न सिरप, खायचा लाल रंग आणि कॉफीत घालायची दुधासारखी पावडर. पावडर का, तर नुसता लाल पाक काचेसारखा आरपार दिसतो, पावडरीने तो दाट आणि अपारदर्शक होतो. हे कॅम्पबेलच्या अंगावर इतकं ओतलं की त्याचा शर्ट शेकोटीजवळ वाळत ठेवला तर कडक होऊन मोडला. फाटला नाही, मोडला, पापडासारखा.

आता माझा अनुभव ऐक. कॉलेजच्या एकांकिकेला आम्ही हाच शहाणपणा केला होता, कॉर्न सिरप कुठलं मिळायला, गुलाबजामच्या उरलेल्या पाकात लाल रंग. तालमीत झकास दिसलं. प्रयोगाच्या दिवशी मेलेला माणूस म्हणजे मी, पडून राहायचं होतं बारा मिनिटं, आणि सातव्या मिनिटाला मुंग्या आल्या. लाल मुंग्या. प्रेत खाजवतंय हे बघून हॉल इतका हसला की परीक्षकांनी आम्हाला विनोदी विभागात टाकलं. तेव्हा पाक केलास तर शूटिंगनंतर लगेच पुसून काढ, आणि कपडे आईच्या कपाटातले घेऊ नकोस.

आणखी एक. डोळे पांढरे दाखवायच्या लेन्स वगैरेच्या नादी लागू नकोस. त्यांच्या वेळी त्या भलत्याच जाड होत्या, घालायलाच दहा मिनिटं आणि डोळ्यात ठेवायच्या जेमतेम पंधरा, कारण आत हवाच जात नाही आणि घातल्यावर दिसत तर काहीच नाही. तुला अभिनेते परत लागणार आहेत.

प्रश्न : दुसरा भाग म्हणजे पहिल्याचाच रिमेक आहे ना? सुरुवातीला हिरो परत त्याच घरात जातो, परत टेप लावतो. एवढा वेडा आहे का तो?
— दोन मैत्रिणी, पुणे

हा प्रश्न जगभर विचारला जातो आणि याचं उत्तर कलेत नाही, वकिलाकडे आहे. रेमीला सुरुवातीला पहिल्या भागाची आठवण म्हणून थोडे जुने शॉट वापरायचे होते, पण त्यांचे हक्क वितरकांकडे अडकलेले, मिळेनात. मग त्याने पहिल्या पिच्चरचा सारांशच नव्याने शूट केला, आणि सात-आठ मिनिटात उरकायचं म्हणून पाच मित्रांऐवजी फक्त हिरो ॲश आणि त्याची गर्लफ्रेंड लिंडा ठेवले. त्यामुळे वाटतं की लिंडाला एकदा मारून झाल्यावर हा गडी दुसरीला घेऊन त्याच घरी पुन्हा सुट्टीला गेला. लिंडा तिन्ही भागात वेगळी बाई आहे हेही आलंच, तिसऱ्यात काही क्षणांसाठी ब्रिजेट फोंडा.

दुसऱ्या भागाची आणखी एक मजा. मधे रेमीचा क्राइमवेव्ह (१९८५) साफ आपटला होता, याला कुणी दारात उभं करेना. भयकथा लिहिणाऱ्या स्टीफन किंगला पहिला ईव्हिल डेड कान महोत्सवात बघून जाम आवडला होता, त्याने जाहीर कौतुक केल्यामुळेच त्या पिच्चरला अमेरिकेत नीट वितरक मिळाला. तर रेमीची अडचण कानावर आल्यावर किंगने थेट निर्माता डिनो डि लॉरेन्टिसला फोन केला. मिळाले साधारण साडेतीन मिलियन डॉलर. नॉर्थ कॅरोलिनातल्या वेड्सबरो गावात एका शाळेच्या जिममधे घराचा आतला सेट उभारला. सेन्सॉरकडून आर सर्टिफिकेट मिळावं म्हणून रक्ताला हिरवा, काळा असे रंग दिले, तरी काही जमलं नाही, शेवटी रोझबड नावाची कंपनी पुढे करून सर्टिफिकेटशिवायच रिलीज केला. पण ते हिरवं रक्त बघून आपण घाबरायचं विसरतो, ते रंगपंचमीसारखं वाटायला लागतं, म्हणजे ज्यांच्यासाठी केलं ते ऐकले नाहीत आणि फायदा मात्र विनोदाला झाला.

प्रश्न : हाताशी मारामारीचा सीन बघताना मला सारखी झपाटलेलातल्या लक्ष्याची आठवण येते. हे माझ्याच डोक्यात आहे का?
— जुनी फॅन, कोल्हापूर

तुमच्या एकटीच्या नाही, माझ्याही. महेश कोठारेंचा झपाटलेला १९९३ चा, आणि अमेरिकेत आर्मी ऑफ डार्कनेस थेटरात लागला तोही फेब्रुवारी १९९३, योगायोग. गोष्टींचा एकमेकांशी संबंध नाही, तात्या विंचूचं मूळ दुसऱ्याच अमेरिकन बाहुल्यात आहे. पण विनोदाची जात एक आहे, ती म्हणजे निर्जीव वस्तू जिवंत आहे असं नटाने स्वतःच्या अंगाने पटवून द्यायचं. रामदास पाध्येंचा बाहुला कितीही भारी असला तरी समोर लक्ष्या घामाघूम झाला नसता तर आपण एक रबरी बाहुलं बघत बसलो असतो.

कॅम्पबेलकडे तर बाहुलाही नव्हता, स्वतःचा उजवा हात, बस्स. तो हात त्याच्याच डोक्यावर स्वयंपाकघरातल्या ताटल्या फोडतो, केस धरून आपटतो, उचलून कोलांटी मारायला लावतो, आणि ती कोलांटी कुठलीही तार न लावता कॅम्पबेल स्वतः मारतोय. इथे थ्री स्टूजेस परत आले बघा, पोरं लहानपणापासून तेच बघत आणि तेच घरच्या कॅमेऱ्यावर शूट करत मोठी झालेली. शेवटी ॲश चेनसॉने, म्हणजे यांत्रिक करवतीने, हात कापतो, कापलेल्या हातावर बादली उपडी घालतो, वर वजन म्हणून पुस्तकं ठेवतो, आणि सगळ्यात वरचं पुस्तक हेमिंग्वेचं अ फेअरवेल टू आर्म्स. इंग्रजीत आर्म्स म्हणजे शस्त्रं आणि आर्म्स म्हणजे हातही. एवढ्या रक्तबंबाळ सीनमधे कुणीतरी शांतपणे बसून हे पुस्तक शोधलं असणार, या विचारानेच मला दरवेळी हसू येतं.

मंत्राचंही तसंच. आपल्याकडे तात्या विंचूला मंत्र मिळाला की काम फत्ते. तिसऱ्या भागात ॲशला पुस्तक उचलण्याआधी तीन शब्द म्हणायचे असतात, क्लाटू बराडा निक्टो, तिथला एक जाणता म्हातारा दहादा बजावतो, हा म्हणतो माहितीये माहितीये, आणि ऐन वेळी तिसरा शब्द विसरतो. मग काय करतो तर तिसऱ्या शब्दाच्या जागी खोकतो, तोंडी परीक्षेत आपण करायचो तस्सं. त्या खोकल्यामुळे अख्खी मेलेल्यांची फौज उठते.

प्रश्न : या मालिकेला काही ठिकाणी सायन्स फिक्शन म्हणतात. भुतं, मंत्र आणि तलवारीत सायन्स कुठून आलं?
— निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा

गुरुजी, पहिल्या भागात नाहीच. तिसऱ्यात बघा. तो मंत्रच मुळात १९५१ च्या द डे द अर्थ स्टूड स्टिल या परग्रहावरच्या पाहुण्याच्या पिच्चरमधून उचललेला. शिवाय काळात मागे जाणारा आधुनिक माणूस ही जुनी कल्पना, मार्क ट्वेनने १८८९ मधे एका अमेरिकन माणसाला आर्थर राजाच्या दरबारात पाठवलं होतं. ॲश तर सुपरमार्केटमधला सेल्समन, पण गाडीच्या डिकीत केमिस्ट्रीचं पुस्तक असतं आणि त्यावरून तो सरदारांच्या सैनिकांना दारू बनवायला शिकवतो, उडणारी दारू, प्यायची नव्हे. तुटलेल्या हाताच्या जागी लोखंडी पंजा बनवून घेतो, आणि त्याच मोटारीला पुढे फिरती पाती लावून सांगाड्यांच्या गर्दीत घुसवतो. ती मोटार म्हणजे रेमीची स्वतःची १९७३ ची ओल्ड्समोबाइल डेल्टा ८८, पहिल्या भागापासून आहे. स्पायडरमॅनमधे (२००२) अंकल बेनची गाडी आठवतेय? तीच.

पण खरं सायन्स फिक्शन आहे ते शेवटात, आणि शेवट दोन आहेत. रेमीचा मूळ शेवट असा की म्हातारा ॲशला घरी परतण्यासाठी झोपेचं औषध देतो, थेंब मोजून घ्यायचे, हा गुहेत गाडीत बसून मोजतो, मधेच लक्ष विचलित होतं, एक थेंब जास्त पितो आणि जागा होतो तेव्हा दाढी छातीपर्यंत, बाहेर जग संपलेलं, लंडनचे भग्नावशेष. म्हणजे सन १३०० मधून निघून आपलं शतक ओलांडून पार पुढे. युनिव्हर्सल स्टुडिओला हे फार उदास वाटलं, त्यांनी नवीन शेवट करायला लावला, सुपरमार्केटमधे मारामारी, हिरोगिरी, हिरॉइनला किस. कुठली आवृत्ती हाती लागते त्यावर तुम्हाला कुठला शेवट मिळेल ते ठरतं. माझं मत विचाराल तर थेंबवालाच खरा, कारण तीन पिच्चर हा माणूस साधी सूचना नीट पाळत नाही, त्याला सुखरूप घरी का पोचवायचं? सांगाड्यांच्या लढाया म्हणजे रे हॅरीहाउसेनला नमस्कार आहे, १९६३ च्या जेसन अँड द आर्गोनॉट्समधे त्याने एकेक फ्रेम हलवून सांगाडे लढवले होते.

एक फुकटची माहिती. हा पिच्चर १९९२ च्या उन्हाळ्यात यायचा होता, अडकला कशात तर हॅनिबल लेक्टर नावाच्या नरभक्षक खलनायकामधे. सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज १९९१ मधे गाजल्यावर त्या पात्राच्या हक्कावरून डिनो आणि युनिव्हर्सलची जुंपली, आणि सांगाडे बिचारे निकाल लागेपर्यंत फळीवर बसून राहिले.

थोडक्यात

*कुठल्या क्रमाने बघू? (वसई)* दुसरा, तिसरा, मग पहिला. घाबरट असाल तर पहिला नकोच. आणि पहिल्यात झाडांचा एक सीन आहे तो आजही बघवत नाही, तिथे विनोद वगैरे काही नाही, मी पुढे ढकलतो.

*आठवीतल्या मुलाला दाखवू का? (लातूर)* नाही. तिसराही नाही. तो त्याने ऑलरेडी बघितलेला असेल तो भाग वेगळा.

*ॲश पुढे काय करतो? (ठाणे)* २०१५ ते २०१८ ॲश व्हर्सेस ईव्हिल डेड नावाची सिरीज आली, तीन सीझन, म्हातारा झालाय, अक्कल तेवढीच. २०१३ आणि २०२३ चे पिच्चर वेगळ्या दिग्दर्शकांचे, तिथे हसायला जाऊ नका. आणि डॉक्टर स्ट्रेंजच्या २०२२ च्या भागात रस्त्यावर पिझ्झा बॉल विकणारा एक माणूस स्वतःच्याच हाताचा मार खातो तो कॅम्पबेल, दिग्दर्शक अर्थातच रेमी.

*तिसऱ्या भागाचं जपानमधलं नाव खरंच विचित्र आहे का? (डोंबिवली)* कॅप्टन सुपरमार्केट. आता तुम्हीच ठरवा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला असतो, पुढच्या सुट्टीत कारने टेनेसीला चाललोय. नवऱ्याला ते ईव्हिल डेडचं घर बघायचंय. जावं का? मला मनातून नको आहे.
— एक बायको, एडिसन

वहिनी, तुमची सुटका झाली. घर केव्हाच जळून गेलंय, चिमणी तेवढी उरली होती, आणि जागा खाजगी आहे, तिथे कुणाच्या कुंपणावरून उड्या मारायला लावू नका त्यांना. अगदीच हट्ट असेल तर डेट्रॉइटला न्या. पहिला शो झाला ते रेडफर्ड थिएटर अजून उभं आहे, १९२८ चं, आत जपानी धाटणीची सजावट, जुना भलामोठा ऑर्गन आहे, हौशी लोक मिळून चालवतात, जुने पिच्चर दाखवतात. पॉपकॉर्न घेऊन बसा. ॲम्ब्युलन्स यावेळी नसेल.